चहाघराची पाऊलवाट

घरासमोरच्या मोकळ्या जागेत हिरवळ राखावी, तीत थोड्याथोड्या अंतरावर सपाट दगड बसवावेत, कडेला एखादा दगडी दिवा किंवा पाण्याचे कुंड ठेवावे आणि ह्या साऱ्याला ‘जपानी बाग’ म्हणावे, अशी हौस अलीकडे अनेक शहरांतून दिसून येते. हौस चांगलीच आहे. परंतु हे दगड तेथे मुळात का आले, दोन दगडांमध्ये अंतर का सोडतात, वाट सरळ न नेता वळवून का नेतात, ह्या प्रश्नांची उत्तरे बागकामाच्या पुस्तकांपेक्षा इतिहासात अधिक चांगली सापडतात. ती ठाऊक नसली तर दगड बसतात, पण वाट तयार होत नाही.

जपानी बागेची परंपरा ह्या पाऊलवाटेहून कितीतरी जुनी आहे. अकराव्या शतकात ‘साकुतेइकी’ नावाचा उद्यानरचनेवरील ग्रंथ तयार झाला. ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–१०९४) ह्या सरदाराने तो रचला, असे मानतात. दगड कसे उभे करावेत, ओढा कसा खेळवावा, तळ्यात बेट कोठे असावे, ह्याचे बारकावे त्या ग्रंथात आहेत. परंतु त्या काळची बाग म्हणजे अमीरउमरावांच्या वाड्यापुढील विस्तीर्ण तळे होते. ते दालनात बसून पाहावे किंवा नावेत बसून त्यात विहार करावा, अशीच योजना असे. पुढे झेन मठांतून वाळू आणि दगड यांच्या कोरड्या बागा निर्माण झाल्या. क्योतो येथील र्‍योआनजी मठाची पंधरा दगडांची बाग जगप्रसिद्ध आहे. पण तीही ओसरीवर बसून न्याहाळण्याची बाग आहे. तिच्या वाळूत पाऊल टाकावयाचे नसते. तात्पर्य, जपानी बाग दीर्घकाळ डोळ्यांची होती, आणि ती पायांची झाली ती चहामुळे.

एइसाइ नावाचा भिक्षू इ. स. ११९१ मध्ये चीनमधून परतला, तेव्हा त्याने चहाचे बी बरोबर आणले, असे सांगतात. आरंभी मठांतील ध्यानस्थ भिक्षूंना जागे ठेवणारे हे पेय होते. पुढे ते सरदारांच्या मेजवान्यांत शिरले आणि त्याबरोबर चिनी भांड्यांचे प्रदर्शनही आले. ह्या दिखाऊपणाला उलटे वळण देणाऱ्यांत तीन नावे अग्रगण्य मानली जातात : मुराता जुको (१४२३–१५०२), ताकेनो जोओ (१५०२–१५५५) आणि सेन नो रिक्यू (१५२२–१५९१). हा काळ शांततेचा नव्हता. १४६७ ते १४७७ ह्या दहा वर्षांच्या ओनिन युद्धात क्योतो नगरीची राखरांगोळी झाली होती आणि त्यानंतर सुमारे शंभर वर्षे देशभर सरदारांच्या लढाया चालू होत्या. अशा काळात चार माणसांनी शस्त्रे बाहेर ठेवून, गवताने शाकारलेल्या एका लहानशा झोपडीत, साध्या भांड्यातून चहा प्यावा, ही कल्पनाच एक प्रकारचे धाडस होते.

रिक्यू हा साकाई ह्या बंदराच्या गावचा. साकाई हे व्यापाऱ्यांचे गाव. दाट वस्ती, रस्त्याला लागून दुकाने, आणि दुकानामागे लांबट घरे. चहाची झोपडी बांधावयाची तर ती घराच्या मागल्या अंगाला, आणि तेथवर जावयाचे तर दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या बोळातून. ह्या बोळाला जपानी भाषेत ‘रोजी’ म्हणतात. मराठीतल्या रोजी-रोटीशी त्याचा अर्थातच काही संबंध नाही. जागेची अडचण होती म्हणून ही वाट जन्मली. मोठे तळे नाही, टेकडी नाही, होते ते केवळ काही पावलांचे अंतर. तेवढ्या अंतरात बाजाराचा गलबला मागे पडून माणूस डोंगरातल्या आश्रमात आल्यासारखा शांत झाला पाहिजे, असे चहाच्या आचार्यांनी ठरविले आणि त्या बोळाचे रूप पालटले.

ह्या पालटाचे एक साक्षीदार गोव्यामार्गे तेथे गेलेल्या परंपरेतील होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून जपानात कागोशिमाला उतरले. त्यांच्या मागोमाग गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी चहाचा हा विधी लक्षपूर्वक पाहिला. त्यांचे वरिष्ठ आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी तर जपानातील मठांत पाहुण्यांसाठी चहाची व्यवस्था असावी, असा नियमच घालून दिला. जुआंव रोद्रिगिश हा पोर्तुगीज पाद्री जपानी भाषेत इतका निष्णात झाला की दुभाषी म्हणूनच त्याची ख्याती झाली. भर वस्तीतल्या घरामागे एकान्तवास निर्माण करण्याच्या साकाईकरांच्या ह्या हातोटीविषयी त्याने आपल्या ग्रंथात सविस्तर लिहून ठेवले आहे.

‘रोजी’ हा शब्द आरंभी ‘वाट’ ह्या अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. पुढे उच्चार तोच ठेवून अक्षरे बदलली आणि शब्दाचा अर्थ झाला ‘दवाने भिजलेली भूमी’. ह्या बदलाचे मूळ भारतात आहे. ‘सद्धर्मपुण्डरीक’ ह्या संस्कृत बौद्ध ग्रंथात एका जळत्या घराची कथा येते. एका श्रीमंत गृहस्थाच्या जुन्या वाड्याला आग लागते. आत मुले खेळात दंग असतात आणि त्यांना आगीचे भानच नसते. बाप त्यांना बाहेर सुंदर गाड्या ठेवल्याचे सांगून बोलावतो. मुले धावत बाहेर येतात आणि उघड्यावर सुखरूप बसतात. इ. स. ४०६ मध्ये कुमारजीवाने ह्या ग्रंथाचा चिनी अनुवाद केला. परंपरेप्रमाणे त्याचा पिता भारतीय होता. त्याच्या अनुवादात ‘उघड्या जागे’साठी जो शब्द आला, त्याची अक्षरे ‘दव’ आणि ‘भूमी’ अशी आहेत. चहाच्या आचार्यांनी हाच शब्द आपल्या वाटेला दिला. जळता संसार मागे टाकून दवाच्या भूमीवर येणे, असा त्या काही पावलांचा अर्थ झाला. शहरे खरोखरीच जळत होती, तेव्हा हे रूपक कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

आता ह्या वाटेची रचना पाहावी. पाहुणे प्रथम एका साध्या बाकावर येऊन थांबतात. यजमान आतून येऊन, न बोलता, त्यांना नमस्कार करून परत जातो. त्यानंतर पाहुण्यांनी एकामागून एक पुढे निघावयाचे. बाहेरील वाट आणि आतील वाट यांच्यामध्ये एक हलके फाटक असते. चोराला अडविण्याची ताकद त्यात मुळीच नसते. येथून पुढे जग वेगळे आहे, एवढेच ते सांगते. पुढे जमिनीलगत एक दगडी कुंड असते. त्याला ‘त्सुकुबाई’, म्हणजे वाकण्याची जागा, म्हणतात. तेथे लवून हात धुवावेत, चूळ भरावी. पहाटेच्या वा सायंकाळच्या चहासाठी येणाऱ्यांना पाय कोठे टाकावा हे दिसावे, म्हणून मंदिरांतील दगडी दिवे ह्या बागेत आले. आज शोभेसाठी ठेवला जाणारा दिवा मूळचा असा कामाचा आहे.

वाटेच्या शेवटी चहाघराचे दार येते. ते सुमारे ६६ सेंटिमीटर उंचीचे आणि रुंदीला त्याहून किंचित कमी असते. सरदार असो वा सावकार, त्याला गुडघ्यांवर येऊन सरपटतच आत शिरावे लागते. कमरेची तलवार बाहेरच्या फळीवर ठेवल्यावाचून हे जमत नाही. जन्माने आणि हुद्द्याने माणसामाणसांत भिंती उभारणाऱ्या त्या समाजात, निदान काही घटका त्या भिंती खाली याव्यात, अशी ही योजना होती. वाट हा तिचा पहिला भाग आणि दार हा दुसरा.

वाटेवरच्या दगडांना ‘तोबिइशी’ म्हणतात. त्यांचे पहिले काम अगदी व्यावहारिक. पावसाळी हवेत पाय चिखलाने माखू नयेत आणि भोवतालचे शेवाळ तुडवले जाऊ नये. परंतु त्यांचे दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. दगड लहान आणि वेडेवाकडे असले की चालणाऱ्याची नजर आपोआप खाली येते आणि पाऊल मंदावते. मग मध्येच एक मोठा, ऐसपैस दगड येतो. त्यावर दोन्ही पाय टेकतात, मान वर होते आणि नेमके तेथूनच झाडाची एखादी फांदी किंवा कुंडातले पाणी दृष्टीस पडते. माणसाने कोठे पाहावे आणि कोठे पाहू नये, हे न सांगता ठरविणारी अशी ही वाट आहे. वाटेला जेथे फाटा फुटतो तेथे, ज्या फाट्याने जावयाचे नाही त्याच्या पहिल्या दगडावर, काळ्या दोरीने आडवा-उभा बांधलेला एक मुठीएवढा गोटा ठेवतात. त्याला ओलांडून जाणे कोणालाही सहज शक्य असते. तरीही कोणी जात नाही, हीच त्या गोट्याची शक्ती.

पाहुणे येण्यापूर्वी, मध्यंतरी ते बाहेर येतात तेव्हा आणि ते निघण्याच्या वेळी, असे तीनदा ह्या वाटेवर पाणी शिंपडण्याचा प्रघात आहे. ज्यांच्या घरी पहाटे अंगणात सडा पडतो, त्यांना ह्या प्रघाताचे मर्म वेगळे सांगावयास नको. शिंपडलेले अंगण ‘या, तुमची वाट पाहत आहोत’ असे म्हणत असते. ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ साली इंग्रजीत लिहिलेल्या चहाविषयीच्या पुस्तकात रिक्यूची एक आख्यायिका दिली आहे. मुलगा वाट झाडून, धुऊन लख्ख करतो, पण पित्याचे समाधान होत नाही. शेवटी पिता स्वतः उठून झाड हलवतो आणि स्वच्छ भूमीवर शरद ऋतूतील चार रंगीत पाने पडतात. स्वच्छता हवी, पण ती निर्जीव नको, असा ह्या गोष्टीचा भाव आहे. कथा घडली असो वा नसो, वाटेचा धर्म तिने अचूक सांगितला आहे.

दगड चालण्यासाठी की पाहण्यासाठी, हा वाद मात्र तेव्हापासूनचा आहे. रिक्यू दगड बसवताना चालण्याच्या सोयीला सहा भाग आणि देखाव्याला चार भाग महत्त्व देई, असे चहाच्या जुन्या ग्रंथांत नमूद आहे. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे (१५४४–१६१५) हा योद्धा होता आणि त्याची अभिरुची ठसठशीत होती. त्याने हे प्रमाण उलटे केले : चालण्याला चार आणि देखाव्याला सहा. हा फरक किरकोळ वाटेल, पण जपानी बागेच्या पुढील चार शतकांचा इतिहास ह्या दोन अंकांत साठवलेला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ओरिबेनेही चालण्याचा वाटा शून्यावर आणला नाही.

ह्या दोघांचाही अंत सत्तेच्या हातून झाला. तोयोतोमी हिदेयोशी हा सामान्य कुळात जन्मून जपानचा सर्वसत्ताधीश झाला. रिक्यू हा त्याचा चहागुरू. शिष्याने सोन्याच्या पत्र्याने मढविलेले चहाघर करविले आणि १५८६ मध्ये ते सम्राटापुढे मांडले, तर गुरू दोन चटयांच्या मातीच्या खोलीत चहा करी. यामाझाकी येथील ‘ताइआन’ हे तसे चहाघर आजही उभे आहे. १५९१ च्या मार्च महिन्यात हिदेयोशीने वालिन्यानो यांची भेट घेतली. गोव्याच्या व्हाइसरॉयने १५८८ मध्ये लिहिलेले पत्र त्या भेटीत त्याला सादर झाले आणि दुभाषी होता तोच रोद्रिगिश. ह्यानंतर दोन महिने होण्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, हिदेयोशीने आपल्या गुरूला पोट चिरून आत्मबलिदान करण्याची आज्ञा दिली. ह्या कठोर आज्ञेच्या खऱ्या कारणाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. एक ठपका मात्र प्रसिद्ध आहे. दाइतोकुजी मठाच्या वेशीवर, वरच्या मजल्यात, रिक्यूचा लाकडी पुतळा ठेवण्यात आला होता आणि त्या पुतळ्याच्या पायांत वहाणा होत्या. वेशीतून जाणाऱ्या सत्ताधीशाला एका व्यापाऱ्याच्या पायांखालून जावे लागते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. ज्याने थोरामोठ्यांना एका लहान दाराशी वाकावयास लावले, त्याच्यावर असा आरोप यावा, ही घटना पुरेशी बोलकी आहे. ओरिबेलाही पुढे १६१५ मध्ये, कटाच्या संशयावरून, तोकुगावा राजवटीच्या हुकमाने तसाच मृत्यू पत्करावा लागला.

वाट मात्र टिकली आणि विस्तारली. सम्राटाचा धाकटा भाऊ राजपुत्र तोशिहितो (१५७९–१६२९) आणि त्याचा मुलगा तोशितादा यांनी क्योतोजवळ कात्सुरा येथे जो उद्यानवाडा उभारला, त्यात ही कला शिखरास पोहोचली. कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) ह्या प्रख्यात रचनाकाराचे नाव परंपरा त्याच्याशी जोडते. त्याचा प्रत्यक्ष सहभाग सिद्ध झालेला नसला, तरी त्याच्या शैलीची छाया तेथे दिसते. कात्सुरात तीन तऱ्हांच्या वाटा ओळखता येतात. त्यांची नावे लेखनकलेतून घेतलेली आहेत : नीटस, मध्यम आणि मोकळी. वाड्याच्या दारापुढे घडीव दगडांची काटेकोर वाट आहे. प्रतीक्षेच्या बाकासमोर घडीव आणि ओबडधोबड दगड एकत्र सांधले आहेत. आणि बागेत आत शिरावे तसे निसर्गात सापडलेले दगडच पायांखाली येतात. मोडीची लपेटी आणि पोथीचे घोटीव अक्षर यांतला भेद ज्याने पाहिला आहे, त्याला ही विभागणी चटकन उमजेल.

त्यानंतर सरदारांनी तळ्याभोवती हिंडण्याच्या प्रचंड बागा केल्या. ओकायामा येथील कोराकुएन ही इकेदा त्सुनामासा ह्या सरदाराची बाग १६८७ मध्ये सुरू होऊन १७०० मध्ये पूर्ण झाली. १८८४ मध्ये ती सर्वसामान्यांना खुली करण्यात आली. १९३४ चा महापूर आणि १९४५ ची बाँबफेक यांत तिची मोठी हानी झाली, परंतु जुन्या चित्रांच्या व नोंदींच्या आधारे ती पुन्हा उभी राहिली. ह्याच बागेच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान तयार झाले आणि त्याला पु. ल. देशपांडे यांचे नाव देण्यात आले. दुसरीकडे, क्योतोच्या व्यापाऱ्यांनी आपल्या लांबट घरांच्या मध्यभागी, चौकासारख्या जागेत, चार दगड, एक कुंड आणि एक झाड एवढ्यावर आपली बाग भागवली. घरगुती पाऊलवाटेचे खरे नाते ह्या दुसऱ्या परंपरेशी आहे.

पाश्चात्त्य देशांना ह्या कलेची ओळख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. जोसाया काँडर ह्या इंग्रज वास्तुविशारदाचा जपानी उद्यानांवरील ग्रंथ १८९३ मध्ये निघाला आणि मोठमोठ्या प्रदर्शनांतून जपानी बागा मांडल्या गेल्या. तेथून दिवा, पूल आणि दगड जगभर गेले. चहा, पाहुणा आणि शिंपडलेले पाणी मात्र मागे राहिले. ओरिबेचे सहा भाग सर्वांनी उचलले, रिक्यूचे सहा भाग थोड्यांनीच.

घरी अशी वाट करू इच्छिणाऱ्याला ह्या इतिहासातून काही साधे धडे मिळतात. प्रथम वाट कोठून कोठे जाते हे ठरवावे. फाटकापासून ओसरीपर्यंत, स्वयंपाकघरापासून विहिरीपर्यंत, काहीही चालेल, पण जिला मुक्काम नाही ती वाट नव्हे. मग ज्या घरातली माणसे तीवरून जाणार, त्यांची पावले मोजावीत. जपानी वाटेवर एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर अंतर असते, कारण किमोनो नेसलेल्या माणसाचे पाऊल आखूड पडते. लुगडे नेसलेल्या आजीचे आणि शाळकरी नातवाचे पाऊल सारखे नसते. जे आजीला सोयीचे तेच मुख्य वाटेचे माप मानावे. दगड जमिनीपासून तीन ते सहा सेंटिमीटर वर राहील असा बसवावा. खाली मुरूम घालून धुम्मसाने चोपावे आणि पाणसळीने माथा पाहावा. डुगडुगणारा दगड कितीही देखणा असला तरी तो वाटेचा दगड नव्हे.

क्योतोची हवा दमट म्हणून तेथे शेवाळ. दख्खनच्या कोरड्या हवेत त्याचा अट्टाहास करण्यात अर्थ नाही. तेथे काळा दगड आणि हरळी शोभते. हैदराबाद, बेळगावकडे शहाबादी फरशी हाताशी आहे, मात्र ती घोटलेली नसावी. गोव्याच्या पावसात जांभ्यावर शेवाळ आपण होऊन येते; ते कडेला राहू द्यावे आणि पाय पडतो तेवढा भाग घासून ठेवावा. जुन्या मंदिरांच्या खांबांखालचे दगड आणि झिजलेली जाती जपानी आचार्यांनी वाटेत आदराने बसवली. पाडलेल्या वाड्याच्या जोत्याचा चिरा किंवा पायरी कोणाकडे पडून असेल, तर दूरदेशीच्या दगडापेक्षा तीच ह्या परंपरेला अधिक धरून होईल.

दिवा उजेड पडावा म्हणून, कुंड हात धुण्यासाठी आणि वळण समोरचे दृश्य घटकाभर राखून ठेवण्यासाठी असते. ह्यांपैकी ज्याचे काम नसेल ते न ठेवणे हेच रिक्यूच्या शिकवणीचे सार आहे. आणि वाट पूर्ण झाल्यावर तिचे उरलेले काम रोजचे आहे : पाचोळा वेचणे, पाणी शिंपडणे आणि येणाऱ्याला सामोरे जाणे. चार शतकांपूर्वी एका व्यापाऱ्याने अरुंद बोळात एवढेच केले होते. पाहुणा आला, पाऊल जपून टाकीत पुढे आला आणि दाराशी पोहोचेपर्यंत त्याचे मन निवळले, तर दगड कोणत्या देशाच्या तऱ्हेने बसवले हे विचारण्याचे कारण उरत नाही.